गर्दुल्ल्याच्या शब्दाची किंमत

व्यसनांवरच्या कोणत्याही सर्वेक्षणाच्या अहवालात शेवटी शेवटी, मर्यादांच्या यादीत, एक वाक्य हमखास असते : 'ही माहिती प्रतिसादकांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर आधारित आहे.' बातमी करणारा ते गाळतो, अधिकाऱ्याची नजर त्यावरून घसरते आणि ज्याला अहवालच पटलेला नसतो तो नेमके तेवढेच वाचतो. मग सगळी चर्चा एका वाक्यावर येऊन थांबते. गर्दुल्लेच ते, खरे काय बोलणार?

असे म्हणणाऱ्याचे सगळेच चुकते असे नाही. ज्या घरात व्यसनी माणूस आहे, त्या घराने खोटेपणा भरपूर पचवलेला असतो. पाकीट मारले गेले, पगार अडकला, मित्राची आई दवाखान्यात आहे, अशा कहाण्या रोज नव्याने रचल्या जातात आणि घरातली भांडी एकेक करून नाहीशी होतात. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचे व्यसन पसरले, अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले, १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. तेव्हापासून मराठी वाचकाला हे जग परिचित आहे आणि त्यातला खोटेपणाही. पण एक गोष्ट नीट पाहायला हवी. घरातल्या खोट्याला कारण असते. त्यातून पुढच्या पुडीचे पैसे मिळतात, भांडण टळते, एक दिवस निभतो. प्रश्नावली घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला फसवून काय मिळणार? खोटे बोलायची सवय हा स्वभाव मानला, तर तो सगळीकडे सारखाच दिसायला हवा. तसा तो दिसत नाही.

आधी या उत्तरांवर काय काय उभे आहे ते पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफू, हेरॉइन किंवा तत्सम द्रव्ये घेतात. सुईने नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१४-१५च्या पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ९.९ टक्के आढळले होते. देशातल्या सर्वसाधारण प्रौढांत ते ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. कोणत्या शहरात किती सुया मोफत वाटायच्या, तोंडाने घ्यायच्या ब्युप्रेनॉर्फिनचे केंद्र कुठे उघडायचे, हिपॅटायटिस 'सी'च्या तपासण्या कुठे वाढवायच्या, हे ठरवताना हाताशी असतात ती या लोकांची उत्तरे. गेल्या महिन्यात किती वेळा टोचून घेतले? शेवटच्या वेळी सुई कोणाची होती? वापरून झाल्यावर ती कोणाला दिली?

शंकेखोराचा पुढचा सल्ला असतो की विचारता कशाला, लघवी तपासा. तपासता येते, पण तिची नजर आखूड आहे. हेरॉइनचा माग लघवीत दोन-तीन दिवस राहतो. कोकेनचे तसेच. भरपूर गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडे सापडतो. केस थोडे मागचे सांगतात. ते महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, तेव्हा तीन-चार सेंटिमीटरच्या केसात तीनेक महिन्यांचा इतिहास असतो. पण यातली प्रत्येक तपासणी सांगते ती फक्त 'काय घेतले' एवढेच. सुई स्वतःची होती की मित्राची, हे लघवीत उतरत नाही. रक्ततपासणी संसर्ग दाखवते, तो कोणत्या दिवशी कोणाच्या सिरिंजमधून आला हे दाखवत नाही. रोगप्रतिबंधासाठी जे कळायला हवे, नेमके तेच प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेर राहते आणि फिरून त्या माणसाच्या तोंडाकडेच पाहावे लागते.

ते तोंड कधी खरे बोलते याची चांगली उदाहरणे अमेरिकेत सापडतात. व्हिएतनाम युद्धातून हेरॉइनचे व्यसन घेऊन सैनिक परतत आहेत, या बातम्यांनी १९७१ मध्ये निक्सन सरकार हादरले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेने त्या सप्टेंबरात परतलेल्या सैनिकांच्या मुलाखती त्यांच्या गावी जाऊन घेतल्या. सुमारे निम्म्यांनी तिकडे अफू किंवा हेरॉइन चाखल्याचे सांगितले. सुमारे पाचव्या हिश्शाने आपण त्याच्या आहारी गेलो होतो हेही कबूल केले. लष्कराच्या कागदपत्रांत ज्यांच्या व्यसनाची नोंद होती, त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांनी ते मुलाखतीत मान्य केले. परतल्यावर बहुतेकांनी ते सोडून दिले, हा त्यांचा दावा मात्र कोणालाच पटेना. पण मुलाखतीनंतर घेतलेल्या लघवीच्या नमुन्यांनी त्याला दुजोरा दिला.

आता दुसरी खोली. १९८७ पासून अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने अनेक शहरांत नुकत्याच अटक झालेल्यांना नशेबद्दल विचारायला आणि त्यांची लघवी तपासायला सुरुवात केली. नाव विचारले जाणार नाही, उत्तर खटल्यात वापरले जाणार नाही, असे सांगितले जाई. तरीही कोकेन स्पष्ट दाखवणाऱ्या नमुन्यांच्या मालकांपैकी मोठा हिस्सा 'गेल्या दोन-तीन दिवसांत काही घेतले नाही' असे सांगत राहिला. नशेची द्रव्ये साधारण तीच. फरक होता तो भिंतींचा. कोठडीत बसलेल्या माणसाने सरकारी आश्वासनावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच थोडी भाबडी म्हणायची.

सिडनीचे संशोधक शेन डार्क यांनी सुईने नशा करणाऱ्यांच्या कथनावर तोवर झालेल्या अभ्यासांचा आढावा १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तरे लघवीशी ताडून पाहिलेले, जोडीदाराला वेगळे विचारून ताडलेले, पोलीस आणि दवाखान्याच्या नोंदींशी ताडलेले, असे नाना तऱ्हेचे अभ्यास त्यात होते. निष्कर्ष असा की नशा, सुई आणि गुन्हे यांबद्दलची त्यांची उत्तरे कामापुरती भरवशाची असतात. 'कामापुरती' हा शब्द महत्त्वाचा आहे. वजनकाट्याची अचूकता कोणी मागितलेली नव्हती. तसे पाहिले तर आपण किती मीठ खातो, किती चालतो, आठवड्यात किती पेले होतात, याची सभ्य लोकांनी डॉक्टरांना दिलेली उत्तरेही कोणी काट्यावर तोलत नाही.

भारतात या 'खोलीचा' विचार दुहेरी करावा लागतो. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या २७व्या कलमानुसार हेरॉइनचे नुसते सेवन केले तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपणहून उपचार घेणाऱ्याला ६४-अ कलम खटल्यापासून संरक्षण देते, पण ते वस्तीतल्या किती जणांना ठाऊक असणार? शिवाय घर. दहा बाय दहाच्या खोलीत, आई चहा टाकत असताना आणि धाकटी बहीण अभ्यास करत असताना, दारात आलेल्या पाहणीवाल्याला कोणता मुलगा सांगेल की हो, मी टोचून घेतो? २०१९च्या सर्वेक्षणाने ही अडचण ओळखली होती. दोन लाखांवर घरांत जाऊन प्रश्न विचारले गेले, पण बेकायदा नशेच्या अंदाजासाठी तेवढ्यावर भिस्त ठेवली नाही. १३५ जिल्ह्यांत व्यसनी लोकांनाच कूपने देऊन त्यांच्या ओळखीतले इतर व्यसनी आणायला सांगितले गेले आणि अशा साखळीने ७० हजारांवर लोकांपर्यंत पोहोचता आले. साखळीतून आलेल्या माणसाला लपवायला फारसे उरत नाही, कारण त्याला आणणारा मित्रच त्याचा साक्षीदार असतो. अर्थात या पद्धतीला उलटी खोट आहे. येणाऱ्याला प्रवासखर्च किंवा मोबदला मिळत असेल, तर कधी सुई न टोचलेला माणूसही 'मी रोज टोचतो' म्हणत येऊ शकतो. म्हणून दंडावरच्या खुणा पाहाव्या लागतात. व्यसनी माणूस नेहमी कमीच सांगतो, या समजुतीला हेही एक उत्तर आहे.

नशा कबूल करणे एक वेळ सोपे असते. कबूल करायला जड जाते ते दुसऱ्याची वापरलेली सुई घेतल्याचे. त्यातही, जो कार्यकर्ता गेली दोन वर्षे दर आठवड्याला नव्या सुया आणून देतो, समजावून सांगतो, त्याच्या डोळ्यांत पाहून सांगायचे तर जीभ रेटत नाही. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या डॉन डेस जार्ले आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या चार शहरांमधल्या सुई-बदल केंद्रांवर काहींना माणसाने प्रश्न विचारले, तर काहींना हेडफोनमधून ऐकू येणाऱ्या आवाजाने. उत्तर संगणकाचे बटण दाबून द्यायचे होते. बटण दाबणाऱ्यांनी उसनी सुई घेतल्याचे अधिक सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी 'सायन्स'मध्ये अमेरिकी किशोरवयीन मुलांबद्दल अशीच आकडेवारी आली होती. सुईने नशा करणाऱ्या व्यक्तीशी शरीरसंबंध आल्याचे कागदी प्रश्नावलीत ०.२ टक्के मुलांनी लिहिले होते, हेडफोनवाल्या गटात ते प्रमाण २.८ टक्के निघाले. चौदा पट फरक, आणि मुले त्याच वयाची.

म्हणून सगळीकडे संगणक बसवा, असा निष्कर्ष काढायची घाई नको. पुण्यात अशीच तुलना लैंगिक वर्तनाबाबत झाली, तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉलेजातल्या तरुणांनी संगणकापुढे अधिक मोकळेपणाने उत्तरे दिली. वस्तीतल्या तरुणांच्या बाबतीत मात्र निकाल इतका सरळ आला नाही. ज्याने आयुष्यात संगणकाला हात लावलेला नाही, त्याला ते यंत्र गुप्ततेची हमी वाटेल की पोलिसांचे काहीतरी नवे खूळ, हे दिल्लीत बसून ठरवता येत नाही. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, त्यामुळे उत्तर बदलले असेल. ते पुन्हा तपासण्याजोगे आहे.

आतापर्यंत प्रश्न होता बोलणारा खरे सांगतो का, हा. त्याहून मोठी गफलत विचारणाऱ्याकडून होते. सिअ‍ॅटलमध्ये हॉली हेगन आणि सहकाऱ्यांनी सुईने नशा करणाऱ्या, पण हिपॅटायटिस 'सी'ची लागण न झालेल्या लोकांचा पाठपुरावा केला. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 'आम्ही कोणाचीही सिरिंज वापरत नाही' असे सांगणाऱ्यांनाही लागण होत होती. इथे शंकेखोर टाळी वाजवेल, बघा, खोटे पकडले गेले. पण संशोधकांनी आणखी एक प्रश्न विचारलेला होता. पूड विरघळवायचे भांडे आणि गाळायचा कापूस तुम्ही एकत्र वापरता का? सिरिंज न वाटून घेणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक लागणींचा संबंध या भांड्या-कापसाशी लागला. सिरिंजबद्दल ते खरेच बोलत होते. भांडे, कापूस आणि सिरिंज धुवायचे पाणी यातून विषाणू फिरू शकतो, हे डेन्व्हरमध्ये नशेच्या अड्ड्यांवर बसून पाहणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन केस्टर यांनी १९९०च्या सुमारास लिहून ठेवले होते. वर्षानुवर्षे प्रश्नावल्या मात्र 'सुई शेअर करता का?' एवढ्यावरच थांबत.

आपल्याकडे तर हा प्रश्न भाषेतच अडकतो. 'दुसऱ्याची सुई वापरता का?' या वाक्यात 'दुसरा' कोण? बायको दुसरी का? लहानपणापासूनचा दोस्त, ज्याच्याबरोबर अर्धे-अर्धे पैसे काढून एकच अँप्यूल घेतले, तो दुसरा का? मनापासून 'नाही' म्हणणाऱ्या माणसाच्या मनात 'दुसरा' म्हणजे स्टेशनवरचा अनोळखी असू शकतो. एका अँप्यूलमधून दोघांच्या सिरिंजमध्ये औषध ओढले, त्यातली एक सिरिंज आधी वापरलेली होती, तर याला 'शेअर' म्हणायचे का, असे फॉर्म भरणाऱ्यालाच विचारून पाहावे. इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी कार्यालयात बसून करायचे आणि मग उत्तर देणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायची, हे अन्यायाचे आहे.

आठवणीचेही तसेच. 'गेल्या सहा महिन्यांत किती वेळा?' या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते, नशा न करणाऱ्याकडेही नाही. लिंडा आणि मार्क सोबेल या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने दारूच्या व्यसनावर काम करताना १९७०च्या दशकात एक साधी युक्ती बसवली. समोर कॅलेंडर ठेवायचे, त्यावर माणसाच्या आयुष्यातले ठळक दिवस आधी मांडायचे आणि तिथून मागे-पुढे जात एकेक दिवस आठवायचा. आपल्याकडे यासाठी मुद्दाम काही शोधायला नको. गणपती, नवरात्र, दिवाळी, गावची जत्रा, पगाराची तारीख, लॉकअपमध्ये काढलेली रात्र. 'विसर्जनाच्या दिवशी कुठे होतास?' असे विचारले की त्या दिवशीची सुईही आठवते. या मुलाखतीला वीस-पंचवीस मिनिटे जास्त लागतात. रोज ठरावीक फॉर्म भरून द्यायचे बंधन असलेल्या कार्यकर्त्याकडे ती नसतात, हा मुद्दा आहे, पण तो व्यसनी माणसाच्या स्वभावाचा मुद्दा नव्हे.

कोणाच्याही शब्दावर विसंबायचे नाही, असे ठरवून केलेला एक नामांकित प्रयोगही आहे. अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराने नोव्हेंबर १९९० मध्ये सुई-बदल कार्यक्रम सुरू केला. येल विद्यापीठाचे एडवर्ड कॅप्लन आणि रॉबर्ट हाइमर यांनी प्रत्येक सुईवर सांकेतिक क्रमांक घातला. सुई कोणत्या दिवशी, कोणत्या टोपणनावाच्या माणसाला दिली आणि कधी, कोणाकडून परत आली, हे नोंदले. आत उरलेल्या रक्ताच्या अंशात एचआयव्ही आहे का ते तपासले. कार्यक्रमापूर्वी रस्त्यावर फिरणाऱ्या सुयांपैकी सुमारे दोन तृतीयांश सुयांत विषाणू सापडला होता. कार्यक्रम सुरू झाल्यावर सुया लवकर परत येऊ लागल्या, कमी हातांतून फिरू लागल्या आणि दूषित सुयांचे प्रमाण उतरले. सहभागी लोकांतल्या नव्या संसर्गांत सुमारे ३३ टक्के घट झाली असावी, असे कॅप्लन यांच्या गणिताने सांगितले. राजकारण्यांना पटवायला या सुयांचा फार उपयोग झाला. पण एवढे करूनही काही गोष्टी सुईला सांगता येत नव्हत्या. त्या माणसाने रात्री अकरा वाजता उसनी सुई का घेतली, केंद्र त्या वेळी बंद होते म्हणून, की नवी सुई खिशात सापडली तर पोलीस धरतील म्हणून, हे माणसालाच विचारावे लागते. कार्यक्रम सुधारायचा तर तीच माहिती लागते.

तेव्हा कार्यक्रम चालवणाऱ्यांनी आपली खोली आधी तपासावी. जो सुया देतो, समुपदेशन करतो, त्यानेच महिन्याच्या शेवटी 'या महिन्यात शेअर केली का?' विचारून रकाना भरणे बंद व्हायला हवे. ते काम वर्षातून एक-दोनदा बाहेरच्या माणसाने, नाव न घेता करावे. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्याने मध्येच हेरॉइन घेतल्याचे कबूल केले म्हणून गोळी तोडायची, रांगेत सर्वांपुढे बोलायचे, आणि मग पुढच्या महिन्यात त्याने 'काही नाही' सांगितले की ती सुधारणा म्हणून अहवालात लिहायची, ही पद्धत खोटे शिकवण्याचीच आहे. एचआयव्हीविषयीच्या २०१७च्या कायद्याने सुया-वाटपासारख्या उपायांना गुन्ह्याच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. त्याची प्रत केंद्राच्या भिंतीवर मराठीत लावायला फारसा खर्च नाही. आणि सर्वेक्षणाच्या अहवालात नुसते आकडे न छापता प्रत्यक्ष विचारलेले मराठी, हिंदी प्रश्न छापावेत. 'दुसरा' म्हणजे कोण ते वाचणाऱ्यालाही कळू दे.

हीच गोष्ट साध्या रुग्णालयातही लागू पडते. अपघाताने पाय मोडलेला तेवीस वर्षांचा मुलगा शस्त्रक्रियेसाठी दाखल होतो. भूलतज्ज्ञ खाटेपाशी येऊन विचारतात, 'काही व्यसन?' एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला काका, पायथ्याशी शेजारच्या रुग्णाचे नातेवाईक. मुलगा 'नाही' म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्याला घाम फुटतो, पोटात कळा येतात, उलट्या सुरू होतात, नेहमीच्या मात्रेने वेदना थांबत नाहीत आणि वॉर्डातले लोक संसर्ग शोधत राहतात. केसपेपरवर 'व्यसन : नाही' लिहिलेले असते, रुग्णाने स्वतः सांगितल्याप्रमाणे. वडिलांना दोन मिनिटे औषधे आणायला खाली पाठवून तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची मात्र केसपेपरवर कुठे जागा नसते.